मुले गुन्ह्यापासून दूर कशामुळे राहतात?

एखाद्या गंभीर गुन्ह्यात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा सापडला की समाजात दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. ‘अशांना मोठ्यांप्रमाणेच शिक्षा करा’ ही पहिली आणि ‘आईबापांचे लक्ष नव्हते’ ही दुसरी. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर देशभर हेच ऐकू आले. पुण्यात २०२२-२३ मध्ये कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले आढळू लागली तेव्हाही सूर तोच होता. या दोन्ही प्रतिक्रियांत थोडेफार तथ्य आहे. पण त्यांवरून धोरण ठरवायचे तर आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. एकाच वस्तीत, सारख्याच हलाखीत वाढलेल्या दोन मुलांपैकी एक गुन्ह्याकडे वळतो आणि दुसरा वळत नाही, हे कशामुळे?

प्रश्नाचा आवाका आधी लक्षात घ्यायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात अल्पवयीनांविरुद्ध ३० हजार ५५५ गुन्हे नोंदले गेले. देशातील एकूण नोंदलेल्या गुन्ह्यांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मुले १६ ते १८ या वयोगटातील होती. नोंद न झालेले प्रकार सोडून दिले, तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. दारिद्र्य, व्यसनी बाप, गुंडांची वस्ती ही सारी कारणे वाट्याला येऊनही बहुसंख्य मुले गुन्हेगार होत नाहीत.

उलटा प्रश्न

गुन्हेशास्त्रात दीर्घकाळ ‘मुले गुन्हा का करतात?’ असाच प्रश्न विचारला जात होता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शी यांनी तो उलटा केला. मोह सर्वांनाच असतो, सोपा मार्ग सर्वांनाच दिसतो. मग बहुतेक जण तो का धरीत नाहीत? कॅलिफोर्नियातील रिचमंड परिसरातील चार हजारांहून अधिक शाळकरी मुलांची १९६० च्या दशकाच्या मध्यास पाहणी करण्यात आली होती. तिच्या आधारे १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हर्शी यांनी मुलाला समाजाशी जोडणारे चार धागे सांगितले. आईवडील व शिक्षक यांच्याविषयीचा जिव्हाळा हा पहिला. शिक्षण, नोकरी, नाव अशा गमावण्याजोग्या गोष्टींत केलेली गुंतवणूक हा दुसरा. दिवसभराची व्यग्रता हा तिसरा आणि नियम न्याय्य आहेत हा विश्वास हा चौथा. हे धागे जितके घट्ट तितका गुन्हा दूर, अशी त्यांची मांडणी होती.

त्यांच्या पाहणीतील एक निष्कर्ष पालकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. ‘तू घराबाहेर असतोस तेव्हा कुठे आहेस आणि कुणाबरोबर आहेस, हे आईला ठाऊक असते का?’ असे मुलांना विचारण्यात आले होते. ‘होय’ म्हणणाऱ्या मुलांमध्ये गैरवर्तनाचे प्रमाण बरेच कमी आढळले. आई प्रत्यक्ष पाळत ठेवते की नाही, याला फारसे महत्त्व नव्हते. मोहाच्या क्षणी ती मुलाच्या मनात उपस्थित आहे की नाही, यावर सारे अवलंबून होते. तिसरा धागा मात्र हर्शी यांच्याच आकडेवारीत अपेक्षेइतका भक्कम ठरला नाही. केवळ वेळ भरून काढणारे उद्योग मुलाच्या मागे लावल्याने तो गुन्ह्यापासून दूर राहतो असे दिसले नाही.

बोस्टनची हजार मुले

सारख्या परिस्थितीतील दोन मुलांच्या वाटा कुठे फुटतात, हे सर्वांत बारकाईने तपासले गेले ते अमेरिकेतील बोस्टन शहरात. हार्वर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातील शेल्डन ग्लूक आणि एलेनॉर ग्लूक या संशोधक दाम्पत्याने १९४० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील सुधारशाळांत पाठविलेले ५०० मुलगे निवडले. त्यांच्या जोडीला सरकारी शाळांतील, गुन्हेगारीची नोंद नसलेले ५०० मुलगे घेतले. निवड करताना प्रत्येक जोडीतील दोघांचे वय, बुद्ध्यंक, कुटुंबाचा मूळ वंश आणि राहण्याच्या वस्तीचा दर्जा शक्य तितका सारखा राहील, याची काळजी घेण्यात आली. दोन्ही गटांतील मुले १९२४ ते १९३२ या काळात जन्मलेली होती आणि शहराच्या गरीब भागांत वाढत होती.

या मुलांची, त्यांच्या पालकांची आणि शिक्षकांची भेट घेऊन तसेच पोलिस, न्यायालये व समाजसेवी संस्था यांची दप्तरे पाहून प्रत्येक मुलाची सविस्तर टिपणे तयार झाली. ‘अनरॅव्हलिंग जुव्हेनाइल डेलिन्क्वन्सी’ हा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे याच मुलांना पंचविसाव्या व बत्तिसाव्या वर्षी पुन्हा गाठण्यात आले.

ग्लूक दाम्पत्याच्या कामातील सर्वच गोष्टी काळाच्या कसोटीला उतरल्या नाहीत. मुलाच्या शरीराच्या ठेवणीचा गुन्हेगारीशी संबंध जोडण्याचा त्यांचा प्रयत्न टीकेचा विषय झाला. लहान वयातच भावी गुन्हेगार ओळखता यावा म्हणून त्यांनी बनविलेल्या कोष्टकांवरही कठोर आक्षेप घेतले गेले. या अभ्यासात मुली नव्हत्या आणि कृष्णवर्णीय मुलेही नव्हती. तरीही त्यांनी जमविलेल्या माहितीचे मोल कमी झाले नाही.

गरिबी आणि घर

दोन्ही गट गरीब वस्त्यांतील असल्याने, वस्तीच्या गरिबीवर सारे खापर फोडण्याची सोय या अभ्यासात नव्हती. फरक दिसला तो घरात. सुधारशाळेत गेलेल्या मुलांच्या घरी शिस्त अनेकदा लहरी होती. आज बेदम मार, तर उद्या त्याच खोडीकडे दुर्लक्ष, असा प्रकार होता. मुलावर देखरेख कमी होती आणि आईबाप व मूल यांच्यातील जिव्हाळा आटलेला होता. दुसऱ्या गटातही मारणारे बाप आणि कामाने पिचलेल्या आया होत्या. पण कुणाचे तरी मुलाकडे सातत्याने लक्ष असण्याचे प्रमाण अधिक होते. शाळेविषयीची ओढ हा दुसरा ठळक फरक होता. शाळा नकोशी झालेली आणि तिला दांड्या मारणारी मुले पहिल्या गटात कितीतरी अधिक होती.

याचा अर्थ गरिबीचा संबंधच नाही, असा नव्हे. या माहितीचे पुढे नव्याने विश्लेषण झाले तेव्हा असे आढळले, की गरिबी, दाटीवाटीचे घर आणि वारंवार बदलावी लागणारी जागा यांचा परिणाम बव्हंशी घराच्या मार्गानेच मुलापर्यंत पोहोचतो. बारा तास राबून आलेल्या आईला मुलगा दुपारी कुठे होता, हे विचारायला त्राण उरत नाही. म्हणून ‘पालकांचे लक्ष नव्हते’ हे विधान खरे असले, तरी ते अपुरे आहे. लक्ष द्यायला वेळ आणि स्थैर्य लागते, आणि गरिबी नेमके तेच हिरावून घेते.

साठ खोकी आणि पुढचे आयुष्य

ग्लूक यांची मूळ कागदपत्रे अनेक वर्षे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पडून होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाऊब या दोन तरुण संशोधकांना ती साठेक खोकी सापडली. त्यांनी सारी माहिती संगणकावर चढविली आणि नव्या पद्धतींनी तपासली. त्यातून १९९३ मध्ये त्यांचा पहिला ग्रंथ सिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी सुधारशाळेत गेलेल्या त्या ५०० मुलांचा पुन्हा माग काढला. तोवर ती सत्तरीच्या घरात पोहोचली होती. त्यांपैकी ५२ जणांशी दीर्घ बोलणी झाली आणि २००३ मध्ये दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या कामातून निघालेला पहिला निष्कर्ष असा, की बालपणावरून उर्वरित आयुष्याचे भाकीत करता येत नाही. एकाच सुधारशाळेतून, सारख्याच पूर्वेतिहासानिशी बाहेर पडलेल्यांपैकी काही जण तुरुंगाच्या वाऱ्या करीत राहिले, तर काही जण कारखान्यात कामाला लागून निवृत्त झाले. कोण कोणत्या वाटेने जाईल, हे त्यांच्या बालपणाच्या टिपणांवरून नेमके सांगता येईना. वय वाढत गेले तसे जवळजवळ सर्वांचेच गुन्हे घटले. फक्त कुणाचे लवकर, तर कुणाचे फार उशिरा.

दुसरा निष्कर्ष वळणबिंदूंचा. टिकाऊ नोकरी, मायेचा संसार, लष्करी सेवा आणि जुन्या वस्तीपासून दुरावणे या चार गोष्टींनी अनेकांची वाट बदलली. या मुलांच्या वैवाहिक आयुष्याचा तपशीलवार हिशेब २००६ मध्ये मांडण्यात आला. तीच व्यक्ती विवाहित असण्याच्या काळात तिच्या हातून गुन्हा घडण्याची शक्यता सरासरी सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळली. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ या आपल्याकडील सल्ल्याला मात्र हा आधार नव्हे. नवराबायकोतील ओढ, दिनक्रमाला आलेली शिस्त आणि जुन्या टोळक्यापासून झालेली ताटातूट यांमुळे हा फरक पडतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे. लष्करातून परतलेल्यांना १९४४ च्या कायद्याने शिक्षण व प्रशिक्षणाच्या सवलती मिळाल्या होत्या. त्यांचा लाभ पूर्वी गुन्हे केलेल्या तरुणांना विशेष झाला.

तिसरा निष्कर्ष धोरणकर्त्यांसाठी अधिक गंभीर आहे. किशोरवयात ज्यांना अधिक काळ डांबून ठेवले गेले, त्यांना पुढे स्थिर नोकरी मिळणे अवघड गेले. आणि नोकरी नाही म्हणून गुन्हे सुरू राहिले. धागे जोडण्याच्या वयात शिक्षेनेच ते तोडले होते.

वय, मित्र आणि मोह

किशोरवयात गुन्ह्यांचे प्रमाण वाढते आणि विशी ओलांडल्यावर ते उतरते, हा आलेख अनेक देशांत दिसतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी वय आणि गुन्हा यांचा हा संबंध १८३१ मध्येच नोंदविला होता. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये त्याचा उलगडा करताना दोन प्रकार वेगळे केले. पहिल्या प्रकारातील मुले संख्येने फार थोडी असतात. त्यांचे वर्तन अगदी लहानपणापासून बिघडलेले असते आणि ते पुढेही टिकते. दुसऱ्या प्रकारातील मुले बहुसंख्य असतात. शरीराने मोठी झालेली, पण मोठेपणाचे हक्क न मिळालेली ही मुले काही वर्षे बंडखोरी करतात आणि जबाबदारी अंगावर आली की थांबतात.

१९४५ मध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वाढलेल्या ९ हजार ९४५ मुलग्यांच्या नोंदी मार्व्हिन वोल्फगँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतही हेच चित्र दिसते. अठरा वर्षांचे होईपर्यंत सुमारे ३५ टक्के मुलांची पोलिसांत एकदा तरी नोंद झाली होती. पण एकूण गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे अवघ्या सहा टक्के मुलांच्या नावावर होते. पहिल्या गुन्ह्यानंतर अनेक मुले आपोआप थांबली.

या वयातील गुन्हे बहुधा एकट्याने होत नाहीत, ही दुसरी महत्त्वाची बाब. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ मधील प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींना संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ देण्यात आला. किशोरांचे बरोबरीचे सोबती जवळ असताना त्यांनी पत्करलेला धोका लक्षणीय वाढला. चोविशी ओलांडलेल्या प्रौढांवर सोबत्यांचा असा परिणाम झाला नाही. एरवी समजूतदार वाटणारा मुलगा चौघांत असताना वेगळाच का वागतो, याचे उत्तर येथे मिळते. ‘भाई’ म्हणवून घेणाऱ्या एखाद्या तरुणाभोवती अल्पवयीन मुले जमतात तेव्हा घरी आणि शाळेत न मिळालेली ओळख, दरारा आणि आपलेपणा त्यांना तेथे मिळत असतो. टोळी हासुद्धा एक धागाच असतो. फक्त तो दुसऱ्या दिशेने ओढतो.

धाक किती उपयोगाचा?

कठोर शिक्षेचा धाक असला की मुले बिचकतील, हा समज सार्वत्रिक आहे. त्याची एक प्रसिद्ध परीक्षा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राहवे तुरुंगात झाली. १९७० च्या दशकात तेथे बिघडलेल्या मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून तुरुंगाची भीषण वर्णने ऐकविली जात. या उपक्रमावरील माहितीपटाला १९७९ मध्ये ऑस्कर मिळाले आणि त्याचे अनुकरण अनेक ठिकाणी झाले. पुढे अशा उपक्रमांची शास्त्रीय तपासणी झाली तेव्हा उलटाच परिणाम समोर आला. तुरुंग दाखविलेल्या मुलांनी, न दाखविलेल्या मुलांपेक्षा पुढे अधिक गुन्हे केले.

सद्हेतू पुरेसा नसतो, याचेही उदाहरण आहे. बोस्टनजवळील केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथे १९३९ मध्ये ५०६ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे साहाय्य अनेक वर्षे मिळाले. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर या साऱ्यांचा माग काढून १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साहाय्य मिळालेल्यांची स्थिती बरी नव्हतीच. काही बाबतीत ती अधिक वाईट होती. बिघडलेल्या मुलांना एकत्र आणणारी शिबिरे हे त्याचे एक कारण असावे, असे पुढील विश्लेषणातून सुचविण्यात आले.

कोठडीबाबतचा पुरावा तर अधिक थेट आहे. शिकागोत बालगुन्हेगारांचे खटले कोणत्या न्यायाधीशांपुढे जातील, हे जवळजवळ योगायोगावर ठरत असे. काही न्यायाधीश सढळ हाताने कोठडी देत, तर काही हात राखून. ॲना आयझर आणि जोसेफ डॉइल यांनी या योगायोगाचा उपयोग करून २०१५ मध्ये दाखवून दिले, की सारख्याच मुलांपैकी ज्यांना कोठडी मिळाली त्यांचे शालेय शिक्षण अधिक प्रमाणात सुटले आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याचे त्यांचे प्रमाणही वाढले.

याच शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाचारग्रस्त भागांतील १३ शाळांमधील १ हजार ६३४ मुलांपैकी काहींना सोडतीने आठ आठवड्यांचे पगारी काम देण्यात आले. सारा हेलर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, काम मिळालेल्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण पुढील सोळा महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी झाले. विशेष म्हणजे हा फरक मुख्यतः काम संपल्यानंतरच्या काळात दिसला. म्हणजे मुले कामात गुंतली होती, एवढेच त्याचे कारण नव्हते.

आपला कायदा काय पाहतो?

भारतात अठरा वर्षांखालील ‘विधिसंघर्षग्रस्त बालका’चे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात; त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा यांपासून विशेष गृहात कमाल तीन वर्षे ठेवण्यापर्यंतचे आदेश मंडळ देऊ शकते. दिल्लीच्या प्रकरणानंतर उसळलेल्या जनक्षोभाच्या पार्श्वभूमीवर २०१५ चा कायदा झाला आणि तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने किमान सात वर्षांच्या शिक्षेस पात्र असलेला निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असल्यास मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते. मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती पाहून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यास सामोरे जावे लागेल की नाही, हे ठरविण्याची प्रक्रिया तेथे सुरू होते. हे काम नाजूक असून मंडळात त्या विषयाचा जाणकार नसेल, तर बालमानसशास्त्रातील तज्ज्ञांचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

हे मूल्यांकन गुन्हा घडला त्या क्षणीच्या मुलाकडे पाहते. मुलगा पुढे कसा निघेल, हे त्यावरून सांगता येत नाही; बोस्टनच्या सत्तर वर्षांच्या माणसांनी नेमके हेच दाखवून दिले. त्या दृष्टीने कायद्यातील दुसरी, कमी चर्चिली जाणारी तरतूद अधिक मोलाची ठरते. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल सादर करावा, असे कायदा सांगतो. घरात कोण आहे, आईबापांशी संबंध कसे आहेत, शाळा का सुटली, मित्र कोण, काम काय करतो, हे त्यात नोंदवायचे असते. ग्लूक दाम्पत्याने टिपलेले प्रश्न आणि हे प्रश्न जवळजवळ एकच आहेत. हा अहवाल मुलाच्या घरी आणि शाळेत जाऊन लिहिला जातो की टेबलावर रकाने भरले जातात, यावर मंडळाचा आदेश किती डोळस असेल, हे अवलंबून राहते.

तसेच, बालक म्हणून प्रकरण हाताळले गेलेल्या मुलाला त्या नोंदीमुळे पुढे कोणतीही अपात्रता येणार नाही, असे कायदा सांगतो. या तरतुदीला अनेकदा नाहक सहानुभूती म्हटले जाते. प्रत्यक्षात नोकरीचा दरवाजा उघडा ठेवणारी ती व्यवस्था आहे. गुन्ह्यात बळी पडलेल्याला न्याय मिळालाच पाहिजे आणि जबाबदारीची जाणीव मुलाला करून दिलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु सतरा वर्षांचा मुलगा तीन वर्षांनी असो वा दहा वर्षांनी, परत येणार असतो तो आपल्याच शहरात. तेव्हा त्याची वाट पाहणारे घर, शिकलेले काम आणि ते काम देणारा मालक यांपैकी काय उरलेले असेल, याचा विचार शिक्षा ठरतानाच व्हायला हवा.

कायद्याचा प्रवास

१८५० : ॲप्रेंटिसेस ॲक्ट. लहानसहान गुन्हे केलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी धंदेशिक्षणाची सोय.

१८५७ : मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाच्या सुधारशाळेची स्थापना. ही संस्था पुढे माहीम येथे चालू राहिली.

१९२४ : मुंबई प्रांताचा बालक कायदा.

१९८६ : देशासाठी एकच बाल न्याय कायदा. मुलांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ ही वयोमर्यादा.

१९९२ : संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताची मान्यता.

२००० : नवा बाल न्याय कायदा. मुलगा व मुलगी दोघांसाठी १८ ही वयोमर्यादा.

२०१५ : १६ ते १८ वयोगटातील निर्घृण गुन्ह्यांसाठी प्राथमिक मूल्यांकनाची तरतूद.